अजिंक्यपदानंतरचा हंगाम

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजांत त्या काळीं फी नव्हती. कष्टकरी घरांतील मुलें तेथें शिकत. १९५० च्या मार्चमध्यें त्याच्या बास्केटबॉल संघानें अमेरिकेंतील दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. मुख्य पांच खेळाडूंत तीन ज्यू व दोन कृष्णवर्णी! एकाच वर्षीं हा दुहेरी मान अन्य कोणत्याहि संघाला लाभलेला नाहीं.

पुढील हंगामांतहि तेच खेळाडू बहुतेक होते. पण १८ फेब्रुवारी १९५१ रोजीं, फिलाडेल्फियास टेंपलच्या संघावर विजय मिळवून परततांना त्यांतील तिघांस पोलिसांनीं पकडलें. येथें जुगाराची रीत सांगितली पाहिजे. पैजा केवळ हारजितीवर नसत. विजय किती गुणांनीं होईल, यावरहि लागत. ठरल्यापेक्षां कमी फरकानें जिंकण्याबद्दल खेळाडूंस पैसे मिळत. म्हणजे सामना जिंकूनहि विकतां येई, आणि प्रेक्षकांस संशय येण्याचें कारण राहत नसे! चौकशींत असें उघड झालें कीं, हा व्यवहार अजिंक्यपदाच्याच हंगामांत सुरू झाला होता. तिकिटांचें उत्पन्न मॅडिसन स्क्वेअर गार्डन व कॉलेजें घेत, खेळणारे विद्यार्थी रिकाम्या हातीं राहत, ही सबब खरी. पुरेशी मात्र नव्हे.

बारा विजय व सात पराजय एवढ्यावर तो हंगाम संपला. प्रशिक्षक नॅट होलमन यांस १९५२ मध्यें निलंबित करण्यांत आलें व १९५४ मध्यें परत घेतलें. दोन्ही अंतिम सामन्यांत प्रतिपक्ष ब्रॅडलीचाच संघ होता. १९५१ च्या उन्हाळ्यांत त्याच्याहि कांहीं खेळाडूंचीं नांवें याच प्रकरणांत आलीं.