युद्धानंतरची शर्यत

खंडेनवमीला जुन्या घराण्यांतून शस्त्रे बाहेर काढली जातात. तलवार म्यानातून काढून तिच्यावरून तेलाचा बोळा फिरवायचा, हळदकुंकू वाहायचे आणि सायंकाळी ती पुन्हा जागेवर ठेवायची, हा क्रम आपल्यापैकी अनेकांच्या घरी पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. ती तलवार पुन्हा कोणी चालवावी, असे कोणाच्याही मनात येत नाही. अमेरिकेत मात्र दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या बाबतीत नेमके हेच घडले. युद्ध संपल्यावर ती शर्यतीच्या मैदानात उतरली आणि पाऊणशे वर्षांनंतरही पूर्णपणे निवृत्त झालेली नाहीत. तो इतिहास मनोरंजक आहेच. पण वारसा जपण्याचे दायित्व नेमके कोणते, हा प्रश्नही त्यात दडलेला आहे.

१९४५ साली युद्ध थांबले तेव्हा हजारो विमाने एकाएकी निरुपयोगी ठरली. जेट विमानांचे युग उजाडत होते, त्यामुळे पंख्याच्या विमानांना भवितव्य नव्हते. पॉल मॅन्ट्झ या चित्रपटांसाठी उड्डाणे करणाऱ्या वैमानिकाने १९४६ मध्ये सुमारे पावणेपाचशे विमाने अवघ्या ५५ हजार डॉलरांत विकत घेतली, यावरून त्यांची किंमत किती उतरली होती हे दिसते. आपल्या देशातही असाच एक प्रसंग घडला. ब्रिटिशांनी कानपूर येथे निकामी करून टाकलेल्या लिबरेटर बॉम्बफेकी विमानांपैकी चाळीसहून अधिक विमाने बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने दुरुस्त केली. ती भारतीय हवाई दलात १९६८ पर्यंत राबली आणि त्यांतील एक १९६९ साली पुण्याहून उडत अमेरिकेतील ॲरिझोनाच्या संग्रहालयात गेले. आपण भंगारातून सैन्य उभे केले, अमेरिकनांनी भंगारातून खेळ उभा केला.

खांबांना वळसे घालीत विमाने पळविण्याची प्रथा तेथे युद्धापूर्वीच रूढ होती. ओहायो राज्यातील क्लीव्हलंडच्या शर्यती त्यासाठी विख्यात होत्या. १९४६ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा साहजिकच मैदान लढाऊ विमानांनी व्यापले. पण सप्टेंबर १९४९ मध्ये बिल ओडम या वैमानिकाचे पी-५१ मस्टँग विमान दुसऱ्याच फेरीत मार्ग सोडून बेरिया गावातील एका घरावर कोसळले. त्याच्यासह घरातील एक तरुण आई आणि तिचे तान्हे मूल मृत्युमुखी पडले. वैमानिकाने धोका पत्करला होता. त्या माउलीने काहीच पत्करले नव्हते. पुढे पंधरा वर्षे मोठ्या विमानांच्या शर्यती बंद राहिल्या.

त्या पुन्हा सुरू केल्या बिल स्टेड या नेवाडातील पशुपालकाने. तो स्वतः युद्धातील लढाऊ वैमानिक होता. नेवाडा राज्याच्या शताब्दीचे निमित्त साधून १९६४ साली त्याने रीनो शहराजवळच्या एका कच्च्या धावपट्टीवर शर्यती भरविल्या. पहिले अजिंक्यपद चेकोस्लोव्हाकियातून पळून आलेल्या मिरा स्लोव्हाकला मिळाले. दोन वर्षांनी शर्यती जवळच्याच स्टेड विमानतळावर गेल्या. हा तळ बिलच्या भावाच्या नावाने ओळखला जातो. तो भाऊ १९४९ साली तेथेच मस्टँगच्या अपघातात गेला होता. १९६६ मध्ये स्वतः बिलही फ्लोरिडात शर्यतीच्या विमानातच मरण पावला.

रीनोत विमाने जमिनीवरून एकत्र सुटत नसत. एक पुढारी विमान सर्वांना हवेतच एका ओळीत घेऊन येई आणि ओळ नीट जुळली की स्वतः वर निघून जाई. तोच शर्यतीचा आरंभ. मार्ग सुमारे आठ मैलांचा. कडेने पन्नास फुटांच्या आसपास उंचीचे खांब आणि त्यांच्या टोकाला रंगविलेली पिंपे. प्रत्येक खांब डावीकडे ठेवून त्याच्या बाहेरून वळायचे; आतून गेल्यास वेळेचा दंड. खांबाच्या पायथ्याशी पंच मान वर करून उभे असत. वळणावर विमान जवळजवळ उभे कलंडे आणि वैमानिकाच्या अंगावर स्वतःच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार येई.

या वेगासाठी विमानांत बदल करणे ओघानेच आले. पंखांची टोके छाटली गेली, वैमानिकावरचे काचेचे छत्र लहान झाले. युद्धकाळात सुमारे दीड हजार अश्वशक्ती देणाऱ्या मर्लिन इंजिनाकडून तीन हजारांहून अधिक शक्ती काढली जाऊ लागली. इंजिन फुटू नये म्हणून इंधनाबरोबर पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण सोडावे लागे. डॅरिल ग्रीनमायर याने आपल्या बेअरकॅटमधून सहा वेळा अजिंक्यपद मिळविले आणि १९६९ मध्ये त्यातूनच ताशी ४८३ मैलांचा, म्हणजे सुमारे ७७७ किलोमीटरांचा वेग गाठून जर्मनीचा तीस वर्षांपूर्वीचा विक्रम मोडला. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. लाइल शेल्टनने बेवारस पडलेल्या दुसऱ्या एका बेअरकॅटच्या सांगाड्यातून ‘रेअर बेअर’ उभे केले आणि १९८९ मध्ये ताशी ५२८ मैलांची मजल मारली. ‘ड्रेडनॉट’ हे सी फ्यूरी जातीचे विमान तर मुळात ब्रह्मदेशाच्या हवाई दलातले. अठ्ठावीस सिलिंडरांचे इंजिन बसवून त्याने १९८३ आणि १९८६ च्या शर्यती जिंकल्या.

या साऱ्या पराक्रमावर १६ सप्टेंबर २०११ या दिवसाची छाया आहे. जिमी लीवर्ड या ७४ वर्षांच्या अनुभवी वैमानिकाचे ‘गॅलपिंग घोस्ट’ हे मस्टँग एकाएकी वर उसळले आणि क्षणार्धात प्रेक्षकांच्या पुढच्या रांगांजवळ आदळले. वैमानिक आणि दहा प्रेक्षक असे अकरा जण दगावले, साठांहून अधिक जखमी झाले. चौकशीत कारण निघाले ते हाताच्या मुठीत मावेल एवढे. शेपटीवरील ट्रिम टॅब नावाच्या छोट्या झडपेचे स्क्रू ढिले होते. ते घट्ट धरून ठेवणारे लॉकनट पुन्हा वापरलेले होते आणि त्यांची पकड झिजली होती. प्रचंड वेगात झडप थरथरू लागली, तुटली आणि विमान वर फेकले गेले. त्या झटक्याचा भार गुरुत्वाकर्षणाच्या सतरा पट होता. वैमानिकाला काही करण्याची संधीच उरली नाही. विमानात केलेल्या मोठ्या बदलांची पुरेशी नोंद आणि चाचणी झालेली नव्हती, असाही निष्कर्ष निघाला.

सरकारी सेवेत माझी बरीच वर्षे तपासणीचे अहवाल वाचण्यात गेली. नोंदवही भरणे हे पुष्कळांना कंटाळवाणे, किंबहुना अपमानास्पद वाटते. ‘यंत्र चालते आहे ना, मग कागद कशाला?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. रीनोची ती नटांची कथा वाचल्यावर त्याचे उत्तर मला मिळाले. कागद यंत्रासाठी नसतो; त्या यंत्राखाली निश्चिंत बसलेल्या अनोळखी माणसासाठी असतो.

वाढती वस्ती आणि विम्याचा प्रश्न ही कारणे देऊन विमानतळ प्राधिकरणाने रीनोतील शर्यतींना पूर्णविराम दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील अखेरची शर्यत झाली आणि त्याच अखेरच्या दिवशी शर्यतीनंतर उतरताना दोन विमानांची टक्कर होऊन दोन्ही वैमानिक गेले. पुढे २०२५ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील रॉसवेल येथे ही परंपरा नव्याने सुरू झाली.

पंधरा हजारांहून अधिक बांधल्या गेलेल्या मस्टँगपैकी उडणारी विमाने आता दोनशेच्या आत आहेत. मग ती पळवावीत की काचेआड ठेवावीत? उडणे हाच त्यांचा प्राण आहे, हा वैमानिकांचा दावा मला पटतो. इंजिनाचा तो गंभीर घोष कोणत्याही संग्रहालयात ऐकू येत नाही. तथापि, जी वस्तू वापरून जपायची, तिची देखभाल काचेआडच्या वस्तूहून शतपट कठोर हवी आणि तिच्या धोक्याचा वाटा ज्यांनी तो मागितलेला नाही, त्यांच्या माथी येता कामा नये. आपणही तलवार बाहेर काढतो तेव्हा तिची पूजा होण्यापूर्वी घरातील वडीलधारे मुलांना दोन पावले मागे उभे राहायला सांगतात. त्या सांगण्यात पूजेइतकेच पावित्र्य आहे.