कणगी आणि गाडी: जोयडा तालुक्यातील साठवणीचा व खर्चाचा इतिहास

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याचा आर्थिक इतिहास कणगी आणि गाडी या दोन वस्तूंच्या आधारे वाचता येतो. बांबूच्या कामट्यांनी विणलेली, शेणमातीने लिंपलेली आणि धान्य साठवण्यासाठी घरात उभी केलेली कोठी म्हणजे कणगी. त्याच नावाचा एक कंदही कोकणपट्टीत लावला जातो, आणि जमिनीखाली वाढणारा तो कंददेखील अडचणीच्या दिवसांची एक साठवणच असतो. गाडी हे याच्या उलट टोकाचे चिन्ह आहे, कारण कणगी घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असते आणि गाडी चारचौघांसमोर रस्त्यावर असते. महागडी मोटार घ्यावी की तोच पैसा गुंतवून लवकर निवृत्त व्हावे, हा आजच्या नोकरदारापुढचा प्रश्न नवा वाटत असला, तरी साठवण कोणाची, ती कशासाठी आणि तिच्यातले किती खर्चावे, हे त्यामागचे प्रश्न या डोंगराळ तालुक्यात निराळ्या रूपांत फार पूर्वीपासून हाताळले गेले आहेत.

सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा प्रदेश पश्चिमेस गोव्याला आणि उत्तरेस बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याला लागून असून काळी नदी याच तालुक्यातील डिग्गीजवळ उगम पावते. तालुक्याचे जुने नाव सुपा होते. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर 1799 मध्ये कानडा प्रांत इंग्रजांकडे गेला व मद्रास इलाख्यात राहिला. 1862 मध्ये त्याचा उत्तर भाग मुंबई इलाख्याला जोडण्यात आला, आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. या बदलत्या सत्तांखाली येथे राहणाऱ्या कोकणी-मराठी बोलणाऱ्या कुणबी समाजाची उपजीविका भातशेती, कंद, रानातील उत्पन्न आणि कुमरी यांवर चालत असे.

कुमरी म्हणजे फिरती शेती. डोंगरउतारावरचा रानाचा एक तुकडा तोडून, उन्हात वाळवून पावसापूर्वी जाळायचा, राखेत नाचणीसारखे धान्य पेरायचे, एक-दोन हंगाम पीक घ्यायचे आणि मग तो तुकडा रान पुन्हा वाढेपर्यंत कित्येक वर्षे पड ठेवायचा, अशी तिची रीत होती. बाहेरून पाहणाऱ्याला तिच्यात केवळ जाळपोळ दिसे. परंतु या पद्धतीचा खरा आधार जळणारा तुकडा नसून पड राहिलेले बाकीचे तुकडे हा होता, कारण जमिनीचा कस त्या काळात भरून निघत असे आणि पुढच्या पिकाची तरतूद तेथेच होत असे. पड ठेवणे म्हणजे आजचा उपभोग पुढे ढकलणे, आणि या अर्थाने ती बचतच होती. मात्र ती कोणा एकाच्या नावावर नव्हती, आणि माणसे वाढली किंवा रान आटले की पडीचा काळ घटून ती खालावत जाई.

इंग्रज वनाधिकाऱ्यांनी या पद्धतीला उधळपट्टी ठरवले. जहाजबांधणीसाठी व पुढे रेल्वेच्या स्लीपरांसाठी कानड्याच्या सागवानाला मोठी मागणी होती. 1856 मध्ये मद्रास इलाख्याचे वनसंरक्षक झालेले ह्यू क्लेगहॉर्न हे कुमरीचे विरोधक होते, आणि 1860 च्या सुमारास परवानगीवाचून कुमरी करण्यास मनाई झाली. 1864 मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डिट्रिश ब्रांडिस हे जर्मन होते, आणि जर्मन वनशास्त्राचे मूलतत्त्व असे होते की उभे जंगल हे मुद्दल मानावे, त्याची वार्षिक वाढ हे व्याज मानावे आणि तोड व्याजापुरतीच करावी. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलांची चौकट पक्की केली. विचार करता कुमरीतली पड आणि वनशास्त्रातले मुद्दल यांचा हिशेब फारसा वेगळा नव्हता. फरक मुद्दलाच्या मालकीत होता. ज्याला गाव आपली सामाईक साठवण समजत होते, ते सरकारच्या खात्यावर जमा झाले.

रान आकसल्यावर कुणब्यांच्या हाती जी साठवण उरली तिच्यात कंदांचे स्थान मोठे आहे. सुरण, कोन, काटेकणगी, अळकुड्या आणि येथे मुडली म्हणून ओळखला जाणारा अळूच्या कुळातला मोठा कंद, अशी विविधता जोयड्यात आजही टिकून असून हिवाळ्यात कंद काढून झाल्यावर तालुक्याच्या गावी त्यांचा मेळा भरतो. साठवणीच्या दृष्टीने कंदाचे दोन गुण महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे तो जमिनीत राहू शकतो, त्यामुळे लागेल तेव्हा लागेल तेवढा काढता येतो. दुसरे म्हणजे त्याला बेणे लागते, म्हणजे पुढच्या वर्षीच्या लागवडीसाठी कंदांचा काही भाग न खाता बाजूला ठेवावाच लागतो. किती खावे आणि किती राखावे, याची मर्यादा येथे पिकानेच घालून दिलेली असते.

गाडीचा इतिहास या तालुक्यात उळवी या तीर्थक्षेत्रापाशी सुरू होतो. बाराव्या शतकात कल्याण (आजचे बसवकल्याण) येथील उलथापालथीनंतर लिंगायत परंपरेचे प्रवर्तक बसवण्णा यांचे भाचे चन्नबसवण्णा शरणांसह, म्हणजे या पंथाच्या शिवभक्तांसह, या रानात आले व येथेच त्यांनी देह ठेवला, अशी लिंगायत परंपरा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या उळवीच्या जत्रेला धारवाड-बेळगाव भागातील शेतकरी बैलगाड्यांनी येतात. बैलांच्या अंगावर झुली, गळ्यात घुंगरांच्या माळा, शिंगांना रंग व गोंडे, अशा सजलेल्या गाड्यांची रांग घाटरस्त्याने चालते, तेव्हा ती भक्तीची यात्रा असते तशीच ऐपतीचे प्रदर्शनही असते. चांगल्या खोंडांच्या जोडीवर शेतकरी पुष्कळ पैसा घालतो, आणि तो सगळाच गरजेपोटी घातलेला असतो असे नाही. परंतु जत्रेहून परतल्यावर तीच जोडी नांगराला जुंपली जाते, म्हणजे मिरवणुकीसाठी केलेल्या खर्चाचा मोठा भाग उत्पादनाच्या साधनात टिकून राहतो. आजच्या आलिशान मोटारीपासून ही गाडी येथे वेगळी पडते, कारण मोटारीची किंमत दालनातून बाहेर पडल्या दिवसापासून घटते आणि खाजगी मोटार मिळकतीत सहसा भर घालत नाही.

ज्या शरणांच्या नावाने या गाड्या येतात, त्यांचा विचार मात्र प्रदर्शन आणि संचय या दोहोंनाही अडवणारा होता. त्यांनी ‘कायक’ आणि ‘दासोह’ या दोन संज्ञा घडवल्या: प्रामाणिक श्रमाने उपजीविका करणे हीच पूजा, हा कायकाचा अर्थ, आणि त्या श्रमाच्या फळातून गरजेपुरते ठेवून उरलेले समाजाला अर्पण करणे, हा दासोहाचा अर्थ. सांडलेले तांदूळ वेचून निर्वाह करणारे आयदक्की मारय्या एके दिवशी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्कम्मा यांनी अधिकचा वाटा परत ठेवून येण्यास सांगितले, ही कथा या परंपरेत प्रसिद्ध आहे. लवकर निवृत्तीच्या आधुनिक कल्पनेला हा विचार मुळातूनच प्रश्न विचारतो, कारण ती कल्पना काम हे सुटका करून घेण्याजोगे ओझे मानते, तर कायकात निवृत्तीला जागाच नाही. उद्यासाठी भीतीने साठवणे आणि आज दिमाखाने उधळणे, ही दोन्ही या दृष्टीने गरजेची मर्यादा ओलांडण्याचीच रूपे ठरतात.

पगार, निवृत्तीचे वय आणि निवृत्तिनिधी या गोष्टी या रानात रेल्वेबरोबर आल्या. मुरगावहून दूधसागरच्या घाटाने चढणारा लोहमार्ग 1888 मध्ये खुला झाला आणि तालुक्यातील कॅसलरॉक हे पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीवरचे ठाणे बनले. सरकारी व रेल्वे नोकरांच्या भविष्यनिर्वाह निधीला, म्हणजे पगारातून दरमहा कापून नोकरीअखेर परत मिळणाऱ्या रकमेला, 1897 च्या कायद्याने संरक्षण दिले. टपाल कार्यालयांच्या बचत बँका देशभर 1882 मध्ये सुरू झाल्या होत्या. 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर शेजारच्या, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे 1905 मध्ये देशातल्या आद्य सहकारी पतसंस्थांपैकी एक निघाली. आणि 1928 मध्ये उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, दारोदार जाऊन रोज दोन आण्यांपासून ठेव गोळा करणारी ‘पिग्मी’ योजना काढली. बेळगाव-कोल्हापूरच्या बाजारांत रोजच्या बचतीला आजही पिग्मी म्हणतात. या सर्व व्यवस्थांमध्ये एक समान सूत्र होते: हाती पैसा राहिला तर तो खर्च होईल हे गृहीत धरून, तो हाती राहण्यापूर्वीच बाजूला काढला जाई. बेण्याच्या बाबतीत जे काम पीक करत होते, ते पैशाच्या बाबतीत आता कपात करू लागली.

स्वातंत्र्योत्तर काळात ही व्यवस्था कारखान्यांत पोहोचली. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा 1952 मध्ये कारखान्यांतील कामगारांना लागू झाला, आणि 1955 मध्ये स्थापन झालेल्या दांडेलीच्या कागद गिरणीसाठी आसपासच्या रानांतला बांबू ट्रकांनी जाऊ लागला. ज्या बांबूच्या कणग्या होत, त्याचा आता कागद होऊ लागला. त्या काळी खाजगी मोटार दुर्मीळ होती आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे मोटार की बचत हा पेच मध्यमवर्गाला फारसा पडतच नव्हता. 1991 नंतर मोटारींचे प्रकार वाढले आणि कर्जाचा मासिक हप्ता सर्वसामान्य झाला. आधी साठवण आणि मग गाडी हा जुना क्रम हप्त्याने उलटवला. गाडी दारात आधी येऊ लागली आणि तिच्यासाठी पुढच्या वर्षांची कमाई गहाण पडू लागली.

त्याच्या थोडे आधीच तालुक्याच्या साठवणीचे स्वरूप कायमचे बदलले होते. काळी जलविद्युत प्रकल्पासाठी गणेशगुडी येथे बांधलेले 101 मीटर उंचीचे धरण 1987 मध्ये पूर्ण झाले आणि काळी व पांढरी या नद्यांच्या संगमावरचे जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलले आणि विस्थापितांपैकी अनेकांचे पुनर्वसन रामनगर येथे झाले. 1894 च्या भूसंपादन कायद्यानुसार भरपाई मुख्यतः रोख रकमेत मोजली जाई, आणि ती कागदोपत्री नाव असलेल्या जमिनीची व घराची असे. रानातला वहिवाटीचा वावर आणि एकमेकांकडे उसने मागण्याचा शेजार यांना तिच्यात किंमत नव्हती. जमीन एका दिवसात खर्चून टाकता येत नाही, रोकड येते. थेंबे थेंबे तळे साचते असे म्हणतात. येथे तळे साचले ते पिढ्यांची साठवण पोटात घेऊन. पुढे 2007 मध्ये या रानांचा व्याघ्र प्रकल्प झाला आणि पर्यटन वाढले, तेव्हा जीपसारखी गाडी काही घरांच्या मिळकतीचे साधन बनली. एकाच रस्त्यावर पर्यटकाची महागडी मोटार हा खर्च असतो आणि त्याला रानात फिरवणारी जीप हे भांडवल असते.

लवकर निवृत्तीचे आजचे गणित याच पार्श्वभूमीवर तपासता येते. अमेरिकी वित्तसल्लागार विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये तेथील शेअर व रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून असे मांडले की पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के काढले आणि पुढे महागाईइतकी वाढ करत गेले, तर पुंजी निदान 30 वर्षे पुरते. त्यावरून वार्षिक खर्चाच्या 25 पट पुंजी हा आडाखा रूढ झाला. वर्षाला 6 लाख रुपये खर्च असलेल्या कुटुंबाला त्या हिशेबाने दीड कोटी लागतात. 60 लाखांची मोटार म्हणजे अशा कुटुंबाचा दहा वर्षांचा घरखर्च होतो, आणि तीच रक्कम गुंतवली तर 4 टक्क्यांनी वर्षाला 2 लाख 40 हजार, म्हणजे एकूण गरजेचा दोन पंचमांश भाग, त्यातून निघू शकतो. मात्र आडाखा परदेशी आकड्यांवर बेतलेला आहे, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला 30 वर्षांहून अधिक काळाची तरतूद लागते, म्हणून त्याची मर्यादा अधिक कडक धरावी लागते. तत्त्व तर ब्रांडिस यांच्या जंगलातलेच आहे: मुद्दल उभे ठेवून वाढीवर जगावे.

तरीही जोयड्याचा इतिहास केवळ काटकसरीची बाजू घेत नाही. उळवीची सजलेली गाडी वर्षातून एकदा निघते आणि तिच्यावर झालेला खर्च वाया गेला असे तेथील शेतकरी मानत नाही. पड, बेणे, कपात आणि भविष्यनिर्वाह निधी या सर्वांनी खर्चाला मनाई केली नाही, त्याआधी काय बाजूला निघाले पाहिजे एवढेच ठरवून दिले. पूर्वी हे ठरवण्यास ऋतू, रान आणि गाव यांचा धाक होता. रोख पुंजीच्या काळात तो धाक माणसाला स्वतःच निर्माण करावा लागतो. जून लागला की कुणबी शेतकरी बेण्याचे कंद वाफ्यात पुरतो, आणि त्यावेळी घरात धान्य कितीही कमी असले तरी ते कंद चुलीवर जात नाहीत. जे चुलीवर जाते ते बेणे बाजूला काढल्यानंतर उरलेले असते.