हिवाळ्यात निजणारी मोटारसायकल: ब्रिटनमधील दोन सवयींचा इतिहास (धागा)

१/
मोटारसायकलीचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: शर्यती, विक्रम, अश्वशक्ती. आजच्या धाग्यात आपण तिच्या थांबण्याचा इतिहास पाहू. शंभर वर्षांपूर्वीची ब्रिटिश मोटारसायकल आजही सुरू होते, याचे श्रेय कारखान्याइतकेच तिच्या मालकांच्या दोन साध्या सवयींना आहे. पहिली, हिवाळ्यात गाडी नीट उभी करून ठेवण्याची. दुसरी, वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाच्या प्रश्नांना सवडीने उत्तर देण्याची. या दोन सवयींचा परस्परांशी काय संबंध, तेच येथे पाहायचे आहे.

२/
वाहन काही महिने जाणूनबुजून बंद ठेवायचे, ही कल्पना आपल्याला परकी वाटेल. पण कोकण किनाऱ्यावर आगोट जवळ आली की होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात, हे आपण जाणतो. समुद्र खवळलेला असताना होडी वाचवायची, म्हणजे पुढचा हंगाम साधतो. ब्रिटनमधला मोटारसायकलस्वार नोव्हेंबर ते मार्च या काळात नेमके हेच करीत असे. फरक इतकाच की त्याचा पावसाळा थंडीत येई.

३/
सुरुवातीच्या गाड्या थंडीला तोंड देण्याजोग्या नव्हत्याच. १९१० पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांचे मागचे चाक चामड्याच्या किंवा रबराच्या पट्ट्याने फिरे. पट्टा ओला झाला की घसरे. दिवा कार्बाइडचा असे, म्हणजे कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पाडून वायू तयार करायचा आणि तो पेटवायचा. थंडीत ते पाणीच गोठे. इंजिनाला तेल पुरवण्यासाठी स्वाराला चालत्या गाडीवर हाताने पंप मारावा लागे. त्यातून रस्ते चिखलाचे आणि दिवस अवघ्या आठ तासांचा. ज्याला जमेल तो गाडी घरात घेई.

४/
कायदाही या सवयीला पोषक ठरला. १९०३ च्या मोटारकार कायद्यानुसार १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक गाडीला नोंदणी क्रमांक घ्यावा लागू लागला. ही नोंद स्थानिक परिषदेच्या वहीत होई. (ही वही लक्षात ठेवा, तिचे काम पुढे पडणार आहे.) १९२० च्या रस्ते कायद्यानंतर, १९२१ च्या आरंभापासून कराची गोल कागदी चकती गाडीवर लावणे बंधनकारक झाले. हा परवाना तिमाहीसाठीही मिळत असे. मग तुटपुंज्या पगाराच्या कामगाराने हिवाळ्याचा कर का भरावा? चकतीची मुदत संपली की गाडी छपराखाली जाई, ती थेट वसंतात बाहेर येई.

५/
गाडी निजवण्याचा विधी ठरलेला होता. प्रथम ती धुऊन पूर्ण कोरडी करायची. टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करायचे. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर तेल सिलिंडरमध्ये सोडायचे आणि इंजिन हाताने फिरवायचे, म्हणजे आतल्या भिंतींवर तेलाचा थर बसतो. दोन्ही झडपा बंद राहतील अशा स्थितीत पिस्टन थांबवायचा. साखळी काढून वितळलेल्या चरबीत बुडवायची. चकाकत्या भागांना व्हॅसलीन फासायचे. दोन्ही चाके जमिनीपासून उचलून धरायची. बॅटरी असल्यास ती काढून घरात ठेवायची आणि महिन्यातून एकदा चार्ज करायची.

६/
यातली प्रत्येक पायरी सकारण आहे. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे राळेसारखा चिकट थर उरतो. कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांना तेवढे पुरते. उतरलेल्या बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर गंधकयुक्त क्षारांचा कठीण थर धरतो, आणि कडक थंडीत अशी बॅटरी गोठूनही फुटते. टायरचा एकच भाग महिनोन्महिने भार सोसत राहिला तर तेथे तो चपटा होतो. दमट हवेत उघडे पोलाद गंजते, हे तर सांगायलाच नको.

७/
‘मधूनमधून पाच मिनिटे इंजिन सुरू केले की झाले’ हा समज तेव्हाही होता, आजही आहे. तो घातक आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापले तर ती वाफ बाहेर पडते. पाच मिनिटांत ते कोमट होते, मग बंद पडून थंड होते, आणि पाणी आतच साचते: सायलेन्सरमध्ये, तेलात, बेअरिंगवर. निजलेल्या गाडीला निजू द्यावे, किंवा उठवलेच तर चांगले दहा मैल फिरवून आणावे.

८/
या सक्तीच्या विश्रांतीतून एक वर्ग घडला. लांब रात्री, समोर गाडी आणि हातात पाना. सिलिंडरचे डोके उघडून आतला कार्बन खरवडायचा, झडपा घासून बसवायच्या, झिजलेला भाग शोधायचा. पेट्रोल व तेल तेव्हा आजच्याइतके शुद्ध नसल्याने हे काम वारंवार करावे लागे. गिरणीत वा कार्यालयात दिवस घालवणारा माणूस अशा रीतीने चार हिवाळ्यांत आपल्या यंत्राचा जाणकार होई. गाडीचा मालक होणे म्हणजे तिचे अंतरंग ठाऊक असणे, हा अर्थ तेथे रुजला.

९/
आता दुसरी सवय. मोटारीचे इंजिन झाकणाखाली असते आणि चालक काचेआड. मोटारसायकलीचे सारे उघड्यावर: सिलिंडर, तारा, गरम धातूचा वास. स्वारही उघड्यावरच. त्यामुळे ती थांबली की कोणी ना कोणी जवळ येतोच. पेट्रोलचे पंप ब्रिटनमध्ये १९१९-२० नंतरच दिसू लागले. त्याआधी पेट्रोल दोन गॅलनच्या डब्यांतून सायकलच्या दुकानात किंवा औषधांच्या दुकानात मिळे. म्हणजे पेट्रोल कोठे मिळेल, इथपासून लोहाराचे घर कोणते, इथपर्यंत स्वाराला अनोळखी माणसांवरच भिस्त ठेवावी लागे.

१०/
लोक काय विचारीत, यावरून काळ ओळखता येतो. १९०४ च्या सुमारास प्रश्न असे, ‘हे काय आहे?’ पहिल्या महायुद्धात ट्रायम्फची ‘मॉडेल एच’ यांसारख्या गाड्यांवरून संदेशवाहक शिपाई आघाडीवर धावले. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जादा गाड्या विक्रीस निघाल्या आणि त्या चालवू शकणारे तरुणही घरी परतले. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात ब्रिटनच्या रस्त्यांवर मोटारींपेक्षा मोटारसायकलींची संख्या अधिक होती. तेव्हा जवळ येणारा माणूस बहुधा स्वतःच जाणकार असे. त्याचा प्रश्न असे, ‘ही चढावर कशी जाते?’

११/
मग सर्वांत लांब हिवाळा आला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले. १९४२ च्या उन्हाळ्यात खासगी वाहनांचा मूळ कोटाच बंद झाला; अत्यावश्यक कामाचे कारण दाखवल्याखेरीज पेट्रोल मिळेना. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिंगापूर पडले होते आणि मलायाचे रबर हातचे गेले होते. नवे टायर दुर्मीळ झाले. असंख्य गाड्या छपराखाली गेल्या, त्या चार महिन्यांसाठी नव्हे तर तीन वर्षांसाठी. मालक आघाडीवर, गाडी घरी. दरवर्षीचा तोच विधी आता कसोटीला लागला.

१२/
जून १९४५ मध्ये मूळ कोटा परत मिळाला. ज्यांनी टाकी रिकामी केली होती, सिलिंडरमध्ये तेल सोडले होते, त्यांच्या गाड्या थोड्या कष्टाने सुरू झाल्या. बाकीच्यांच्या वाट्याला जाम झालेले पिस्टन आणि भेगाळलेले टायर आले. १९४६ मध्ये जुन्या मोटारसायकलींच्या जतनासाठी तेथे व्हिंटेज मोटरसायकल क्लब स्थापन झाला. त्याआधी १९३० पासूनच ‘पायोनियर रन’ ही फेरी सुरू होती: १९१५ पूर्वीच्या मोटारसायकली लंडनच्या दक्षिणेकडून ब्रायटनच्या दिशेने निघत. महिना कोणता? मार्च. निजलेल्या गाड्यांची ती नारळी पौर्णिमाच!

१३/
ऑगस्ट १९५९ मध्ये पाचशे पौंडांहून किंचित कमी किमतीत मिनी ही मोटार आली. साइडकारमध्ये बायकोमुले बसवून फिरणाऱ्या कामगाराला आता छप्पर परवडू लागले. त्यातच १९६२-६३ चा हिवाळा पडला, मध्य इंग्लंडमध्ये १७४० नंतरचा सर्वांत थंड. त्या डिसेंबरात छपराखाली गेलेली एखादी गाडी वसंतात बाहेर आलीच नाही, असे घडले असल्यास नवल नाही. मोटारसायकल गरजेची वस्तू न राहता हौसेची झाली. आणि अनोळखी माणसाचा प्रश्नही बदलला: ‘अशीच माझ्या वडिलांकडे होती. अजून चालते ही?’

१४/
आता त्या नोंदवहीकडे वळू. १९७० च्या दशकात वाहननोंदणी स्थानिक परिषदांकडून काढून स्वानसी येथील मध्यवर्ती संगणकावर नेण्यात आली. रस्त्यावरील गाड्यांची नोंद आपसूक पुढे गेली. जी गाडी छपराखाली निजलेली होती, तिच्या मालकाने स्वतः अर्ज करायचा होता. नोव्हेंबर १९८३ मध्ये ती मुदत संपली. ज्यांनी अर्ज केला नाही, त्यांच्या गाड्यांचे मूळ क्रमांक कागदोपत्री नाहीसे झाले. स्थानिक वह्यांपैकी काही अभिलेखागारांत पोहोचल्या, पुष्कळ नष्ट झाल्या. लोखंड वाचले आणि कागद गेला.

१५/
मूळ क्रमांक परत मिळवायचा तर पुरावा हवा: जुने नोंदपुस्तक, कराची चकती किंवा परिषदेच्या वहीतला उतारा. शिवाय मान्यताप्राप्त क्लबचा तज्ज्ञ चासीचा व इंजिनाचा क्रमांक तपासतो. येथे ती दुसरी सवय कामी येते. ‘ही आमच्या गल्लीतल्या दूधवाल्याची होती’ असे सांगणारा एखादा वृद्ध भेटतो आणि शोधाला दिशा मिळते: कोणते गाव, कोणते दशक, कोणाच्या घरात जुना फोटो असेल.

१६/
अर्थात इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध राहावे. स्मृती प्रेमळ असते, पण काटेकोर नसते. वडिलांची २५० सीसीची गाडी मुलाच्या आठवणीत ५०० सीसीची होते. १९५३ चे १९४८ होते. म्हणून आठवणीला पुरावा न मानता पुराव्याची वाट मानावे. ती ऐकावी, तारखेसह लिहून ठेवावी आणि मग क्रमांकाशी, फोटोशी, कागदाशी ताडून पाहावी. हीच शिस्त आपण बखरीला लावतो, तीच आजोबांच्या गोष्टीलाही लावावी.

१७/
या कथेचा एक धागा भारतात येतो. रेडिचच्या रॉयल एनफिल्ड कंपनीची ‘बुलेट’ १९५५ पासून मद्रासमध्ये जुळवली जाऊ लागली आणि पुढे पूर्णपणे तेथेच बनू लागली. इंग्लंडमधला मूळ उद्योग १९७० च्या सुमारास संपला. मद्रासचा चालू राहिला. १९७७ पासून भारतीय बुलेट ब्रिटनला निर्यात होऊ लागली. जेथे हिवाळा ठाऊकच नाही अशा गावी घडलेली गाडी हिवाळ्यात निजवणाऱ्यांच्या देशात परतली. तिचे रूप इतके जुने राहिले होते की नवी कोरी गाडी पाहूनही लोक विचारीत, ‘कोणत्या साली दुरुस्त केलीत?’

१८/
आपल्याकडे निजवण्याचा ऋतू पावसाळा. कोकणात वा मुंबईत जून ते सप्टेंबर उभ्या राहणाऱ्या गाडीला पाचव्या आणि सहाव्या टप्प्यातले सारे नियम लागू पडतात. उलट आजचे पेट्रोल अधिक काळजी मागते: त्यातले इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेलेच नव्हते. आपल्या अनोळखी माणसाचा प्रश्नही ठरलेला असतो. सिग्नलला शेजारी थांबलेला काका जुनी राजदूत किंवा येझदी पाहून विचारतो, ‘ॲव्हरेज किती देते?’

१९/
त्या प्रश्नाला आकडा सांगून मोकळे होऊ नका. ‘काका, तुमच्याकडे होती का?’ एवढे उलट विचारा. कोणत्या साली घेतली, नंबर लागायला किती वर्षे थांबावे लागले, सुटे भाग कोठून आणीत, कोणाला विकली, हे पुढचे प्रश्न. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात सामान्य घरात यंत्र कसे आले, याची पुष्कळशी माहिती अजून कोणत्याही दप्तरात नाही. ती साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांजवळ आहे. तुमच्या घरातल्या पहिल्या दुचाकीचे साल, तिचे नाव आणि तिचा नंबर कोणाला आठवत असेल, तर या धाग्याखाली अवश्य लिहा.