आगीचे कलम

आगीच्या कायद्यासंबंधी काही लिहावे असे आम्ही ठरविले तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "यात इतिहास तो कोठे आहे?" प्रश्न रास्त होता. कलमे वकिलांनी वाचावयाची आणि आग बंबवाल्यांनी विझवावयाची, अशी आपल्याकडे कामाची वाटणीच होऊन गेली आहे. तथापि या व्याख्यानमालेच्या जन्मकाळाकडे नजर टाकली तरी आग आणि सरकार यांचा संबंध किती निकटचा आहे ते दिसते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली ही माला सुरू केली, आणि त्यानंतर चारच वर्षांनी एका आगीच्या निमित्ताने त्यांची बदली झाली.

१३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. बुधवारवाडा जळून गेला. विश्रामबागेचा काही भाग गेला आणि उरलेला आजही उभा आहे. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. सरकारचा संशय शहरातील सुशिक्षित मंडळींवर गेला आणि रानड्यांची तडकाफडकी धुळ्यास बदली झाली. त्या रात्रीबद्दल इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले, पण ते सारे आग कोणी लावली याविषयी. ती विझविणे कोणाचे काम होते, त्याच्या हाती साधने काय होती आणि कोणत्या कायद्याने ती त्याला दिली होती, हे प्रश्न बहुधा मागेच राहिले. आमचा विषय हाच मागे राहिलेला प्रश्न आहे.

पुण्याला आगीची ओळख करून द्यावयास नको. शनिवारवाड्याला वेळोवेळी लहानमोठ्या आगी लागल्या, आणि १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. दगडी तट व दिल्ली दरवाजा उरला, आतील लाकडाचे वैभव गेले. पेठांमधील वाडेही तसेच: सागवानी खांब, तुळया, पाटया, मधे अरुंद बोळ. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी आणून शहरात हौद बांधले ते पिण्याकरिता. पण आग लागली म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना हंडे-कळशा घेऊन त्याच हौदांकडे धावावे लागे. मग बंब आला. हा शब्द पोर्तुगिजांच्या बोलीतून आपल्याकडे शिरला आणि इतका मुरला की न्हाणीघरातील पाणी तापविण्याचे भांडेही बंब आणि आग विझविण्याची गाडीही बंबच. एकाच्या पोटात निखारे, दुसऱ्याच्या पोटात पाणी!

पुणे म्युनिसिपालिटी १८५७ साली स्थापन झाली ती १८५० च्या कायद्याखाली. पुढे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने १८७३, १८८४ आणि १९०१ असे लागोपाठ जिल्हा म्युनिसिपालिट्यांचे कायदे केले. राजधानी मुंबईची व्यवस्था निराळी होती. तेथे १८८८ च्या स्वतंत्र कायद्याने आगीचा बंदोबस्त महापालिकेच्या अंगावर आला. पुण्यासारख्या मुफसल शहरांकरिता मात्र १९०१ च्या कायद्यातील कर्तव्यांच्या यादीत एक छोटेसे कलम होते. आगी विझविणे आणि आग लागली असता जीवित व मालमत्ता यांचे रक्षण करणे, एवढाच त्याचा आशय. रस्त्यांवर दिवे लावणे, पाणी शिंपडणे, झाडलोट करणे यांच्याच पंक्तीत ते बसविलेले होते.

या १९०१ च्या विधेयकाची हकीकत पुणेकरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या वेळी मुंबईच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले सभासद होते. फेब्रुवारी १९०१ मध्ये त्यांनी या विधेयकावर भाषण केले. त्यांचा मुख्य रोख प्रतिनिधित्वाच्या कलमावर होता. निरनिराळ्या वर्गांना वेगळे प्रतिनिधी देण्याचे तत्त्व सार्वजनिक जीवनाला कोठे नेईल, ही त्यांची चिंता. ते स्वाभाविकच होते. ज्या संस्थेत लोकांचा आवाज नाही तिच्या अंगावर कितीही कर्तव्ये घातली तरी ती सरकारी हुकुमाचीच राहणार. पण गंमत अशी की, पुढे हेच गोखले पुणे म्युनिसिपालिटीत निवडून आले आणि तिचे अध्यक्षही झाले. ज्या कायद्याचा मसुदा त्यांनी कलमवार तपासला होता, तोच कायदा रोजच्या रोज राबविण्याची पाळी त्यांच्यावर आली.

गोखल्यांना ही सवय कोठे लागली? आमच्या मते ती सार्वजनिक सभेची देणगी. १८७० साली गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी ही सभा काढली. सरकारचे विधेयक निघाले की ते मिळवावे, वाचावे, रयतेवर त्याचा परिणाम काय होईल ते मांडावे आणि कायदा होण्यापूर्वी सरकारकडे अर्ज धाडावा, हा सभेचा मोठा उद्योग होता. १८७८ पासून तिचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. त्याची पाने आज चाळली तर शेतसारा, दुष्काळ, कर्ज, चलन अशा विषयांवरील रुक्ष वाटणारे लेख आढळतात. पण त्या रुक्षपणातच त्यांचे मोल आहे. विधेयक हे कच्चे मडके असते. भाजण्यापूर्वी बोट लावले तर आकार बदलतो. सभेतील मंडळींना हे नेमके कळले होते.

१९२५ साली मुंबई म्युनिसिपल बरो अ‍ॅक्ट आला आणि मोठ्या शहरांबरोबर पुणेही 'बरो' झाले. १५ फेब्रुवारी १९५० रोजी शहर व उपनगर या दोन म्युनिसिपालिट्या एक होऊन महानगरपालिका अस्तित्वात आली, ती १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्याखाली. या कायद्यांनी आगीचे कलम जरा विस्तारले. बंबवाल्यांना रस्ता अडविण्याचा, गर्दी हटविण्याचा, प्रसंगी शेजारचे घर फोडून वाट करण्याचा अधिकार मिळाला. मूळ कल्पना मात्र १९०१ चीच राहिली: आग लागते, मग कायदा जागा होतो.

दरम्यान मुंबईत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा गोदीत स्फोट झाला. जहाजावर कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र होता. आग विझवावयास गेलेले ६६ अग्निशमन जवान त्यात मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर पाळला जातो. नाना बंदरे, नाना गिरण्या, नाना नगरपालिका, आणि प्रत्येकाचे बंबखाते वेगळे, हे चित्र स्वातंत्र्यानंतर दिल्लीलाही खटकू लागले. केंद्राच्या गृहखात्याने एक स्थायी सल्लागार समिती नेमली, नागपुरास राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आले, आणि १९५८ साली अग्निशमन सेवेच्या विधेयकाचा एक नमुना सर्व राज्यांकडे धाडण्यात आला. महाराष्ट्राचा स्वतःचा आगीचा कायदा विधिमंडळाने केला तो २००६ साली. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत पुण्यात वाडे पडून सदनिका झाल्या, टेकड्यांच्या पायथ्याशी कारखाने आले आणि शहराची उंचीही वाढली.

हा जो २००६ चा कायदा, 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम', त्याने एक मूलभूत पालट केला. तोपर्यंत आगीसंबंधीचे कर्तव्य नगरपालिकेचे होते. आता इमारतीचा मालक अथवा भोगवटादार हाही कर्तव्याला बांधला गेला. ज्या इमारतींना हा कायदा लागू आहे तेथे आगप्रतिबंधक साधने बसविणे त्याचे काम, ती चालू स्थितीत ठेवणेही त्याचेच. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून, साधने सुस्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, त्याने अग्निशमन अधिकाऱ्याकडे दिला पाहिजे. दाखल्याचे नाव 'नमुना ब'. कसूर झाल्यास वीज व पाणी तोडविण्यापर्यंत अधिकाऱ्याचे हात पोहोचतात. विझविण्याकडून प्रतिबंधाकडे, असा हा शंभर वर्षांचा प्रवास आहे, आणि तो योग्य दिशेने झाला यात आम्हांस शंका नाही.

परंतु कायद्याच्या तारखा पाहा. नाव २००६ चे. अधिनियमांच्या क्रमात तो २००७ चा तिसरा. अमलात आला तो ६ डिसेंबर २००८ रोजी. नियम झाले २००९ साली. मुंबईवरील हल्ल्यात ताजमहाल हॉटेलचा घुमट पेटलेला साऱ्या जगाने पाहिला, तो त्याच २००८ सालच्या नोव्हेंबराच्या अखेरीस. म्हणजे संमत झालेला कायदा तेव्हा अजून अमलाची वाट पाहत होता. विधेयक, संमती, राजपत्र, अंमलबजावणीची अधिसूचना, नियम, या पाच पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर कायदा उभा आहे हे सामान्य नागरिकाला कोण सांगणार? वर्तमानपत्र बहुधा पहिल्या पायरीची बातमी देते आणि पुढल्या चार विसरते.

दुसरी अडचण हद्दीची. आगीचे कलम जन्मापासून नगरपालिकेच्या हद्दीत वाढले, आणि पुण्याची हद्द एका जागी कधी राहिलीच नाही. १९९७, २०१७ आणि २०२१ या तीन साली भोवतालची गावे महापालिकेत आली. उरुळी देवाची २०१७ साली आत आले आणि पुढे पुन्हा बाहेर काढण्यात आले. त्या गावात ९ मे २०१९ च्या पहाटे एका कापडाच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले पाच कामगार गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, ७ जून २०२१ रोजी, मुळशी तालुक्यातील उरवडे येथील एका रासायनिक कारखान्यात १७ कामगार जळून मेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. उरवडे हे ग्रामपंचायतीचे गाव. तेथे नगरपालिका नाही, म्हणून नगरपालिकेचा बंबखानाही नाही. कारखाना कारखान्यांच्या कायद्याखाली, जमीन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या आराखड्याखाली, आणि मदत यावयाची ती दुसऱ्या कोणाच्या तरी हद्दीतून.

लष्कर भागाची तऱ्हा आणखी वेगळी. २६ मार्च २०२१ च्या रात्री महात्मा गांधी रस्त्यावरील फॅशन स्ट्रीटची शेकडो दुकाने जळाली. हा बाजार पुणे कॅन्टोन्मेंटमध्ये, म्हणजे केंद्राच्या कायद्याखाली. बंब मात्र महापालिकेचेही धावले. बंबवाला हद्द विचारीत बसत नाही ही त्याची थोरवी. पण पगार, गाड्या, पाणी आणि चौकशी या गोष्टी हद्दीवरच ठरतात.

आणि पैसा? १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली, तिच्यात सातवी नोंद अग्निशमन सेवांची आहे. काम शहरांकडे सोपविता येईल असे घटनेने म्हटले, खर्चाची तरतूद राज्याच्या मर्जीवर ठेवली. पुण्याचे हक्काचे उत्पन्न जी जकात, ती २०१३ साली गेली. २००६ च्या कायद्याने शुल्क घेण्याची मुभा दिली खरी, पण नव्या केंद्रांना जागा, गाड्या आणि माणसे एवढ्यावर पुरी पडत नाहीत. २०१९ साली केंद्राने पुन्हा एक नमुना विधेयक राज्यांकडे धाडले. २०२३ साली ५००० कोटी रुपयांची योजना काढली आणि त्यांतले ५०० कोटी कायद्यात व व्यवस्थेत सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहनादाखल राखून ठेवले. त्याच साली आपल्या विधिमंडळाने २००६ च्या कायद्यात दुरुस्ती केली. ही दुरुस्ती आगीच्या चटक्याने झाली की अनुदानाच्या ओढीने, याचा निकाल आम्ही देत नाही. दुसरे कारण असले तरी वाईट नव्हे.

भंडाऱ्याच्या सरकारी रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी दहा अर्भके गेली. तेव्हा हा कायदा अमलात येऊन बारा वर्षे लोटली होती. सरकार हेही एक मालक आहे, ही गोष्ट त्या दिवशी पुष्कळांच्या प्रथमच ध्यानात आली. दुःख झाले, चौकशी झाली, तपासणीचे हुकूम सुटले. पण जो जानेवारीचा दाखला कायदा मागतो, तो जानेवारी पूर्वीही दर वर्षी येतच होता.

हा लेख लिहीत असता आम्ही राहतो त्या सात मजली इमारतीच्या सेक्रेटरींना सहज विचारले, आपला 'नमुना ब' कोठे असतो? गृहस्थ भले. त्यांनी कपाट उघडले, लिफ्टची कागदपत्रे काढली, टाकीच्या सफाईची पावती काढली, आणि सर्वांत खालून एक पिवळा पडलेला दाखला निघाला. तो इमारत पुरी झाली त्या सालचा होता. मग आम्ही दोघे जिन्यातील लाल पेटीपाशी गेलो. नळी आत होती. तिच्याशेजारी झाडूवालीने आपला खराटा ठेवला होता, आणि पेटीची किल्ली कोणाकडे आहे यावर तळमजल्यावर बराच वेळ चर्चा चालली होती.