प्रस्तावना : अश्रुरंध्राचे प्लग आणि त्यांची घडण

डोळ्यात औषधाचा थेंब टाकला की थोड्या वेळाने घशाशी कडवट चव येते. रडू आले की नाकही वाहू लागते. दोन्हींमागे वाट एकच. खालच्या पापणीची कड नाकाच्या बाजूला हलकेच बाहेर ओढून आरशात पाहिले, तर एका इवल्या उंचवट्यावर बारीक छिद्र दिसते. वरच्या पापणीलाही तसेच असते. हे अश्रुरंध्र, व्यास साधारण 0.3 मिलिमीटर. तिथून सुमारे 2 मिलिमीटर उभी आणि मग वळून जवळपास 8 मिलिमीटर आडवी जाणारी अश्रुनलिका, पुढे अश्रुपिशवी आणि शेवटी नाक.

हे पुस्तक त्या छिद्रात बसवायच्या प्लगविषयी आहे. नेत्रवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडेलच. पण ज्यांनी कधी स्लिट लॅम्प या नेत्रतपासणीच्या सूक्ष्मदर्शकातून डोळा पाहिलेला नाही अशा अभियांत्रिकीच्या आणि वस्तुरचनेच्या विद्यार्थ्यांनीही या विषयात यावे, म्हणून ही प्रस्तावना मुद्दाम सोप्या भाषेत लिहीत आहे. विषय लहान आहे म्हणून कोणी तो सोपा समजू नये, एवढेच.

डोळ्याच्या पृष्ठभागावर एका वेळी जेमतेम 7 मायक्रोलिटर अश्रू असतात. बाटलीतून पडणारा एक थेंब 30 ते 50 मायक्रोलिटरचा. म्हणजे कृत्रिम अश्रूंचा बराचसा भाग गालावर तरी ओघळतो किंवा या छिद्रांतून तरी निघून जातो, आणि कोरड्या डोळ्यांचा रुग्ण पुन्हा बाटली शोधू लागतो. स्वीडनचे हेन्रिक श्योग्रेन यांनी 1933 च्या प्रबंधात ज्या आजाराचे सविस्तर वर्णन केले, त्यात अश्रुग्रंथीच निकामी होत जाते. अशा रुग्णाचे उरलेसुरले अश्रू वाहून जाऊ न देणे हा साधा विचार प्लगच्या मुळाशी आहे. मोरीच्या तोंडाला बोळा लावावा, तसा.

फरक इतकाच, की मोरी जिवंत नसते. आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या मिटतो. प्रत्येक वेळी पापणीतला स्नायू अश्रुनलिका दाबतो आणि सोडतो; अश्रू आत ओढणारा पंप तो हाच. वरचे आणि खालचे रंध्र त्या क्षणी एकमेकांना भिडतात. या हालचालीत टिकायचे, बुबुळाच्या शेजारच्या नाजूक आवरणावर घासायचे नाही, आणि रुग्णाने सवयीने डोळ्याचा कोपरा चोळला तरी जागचे हलायचे नाही, असे काम प्लगने महिनोन्महिने करायचे असते.

वाट बंद करण्याची कल्पना प्लगपेक्षा जुनी आहे. 1935 मध्ये अमेरिकेतील बीथम यांनी रंध्र डागून बंद करण्याचा उपाय मांडला. तो परतीचा नव्हता. डोळ्यातून सतत पाणी गळू लागले तर रुग्ण अडकला. 1961 मध्ये फोल्ड्स यांनी नलिकेत जिलेटिनची काडी घातली. ती विरघळून जाई. 1975 मध्ये जेरी फ्रीमन यांनी सिलिकॉनचा प्लग मांडला आणि आजही बहुतेक रचना त्याच्याच वंशातल्या आहेत. आत शिरणारे निमुळते टोक, मधे बारीक मान आणि बाहेर पापणीच्या कडेवर टेकणारे चपटे डोके. रंध्राभोवतीचे लवचीक कडे मानेला धरून ठेवते. रुंद टोक प्लगला बाहेर येऊ देत नाही, डोके त्याला आत जाऊ देत नाही.

नवा रचनाकार इथे सहसा एक चूक करतो. टिकाऊपणा आणि सुखदपणा हे तराजूचे दोन पल्ले आहेत असे तो धरून चालतो: टोक मोठे केले तर प्लग टिकेल पण टोचेल, डोके लहान केले तर टोचणार नाही पण आत सरकेल. काही अंशी ते खरे आहे. पापणीच्या उताराला जुळेल असे तिरके डोके किंवा घालताना दबून आत फुलणारे पोकळ टोक याच ओढाताणीतून आले. पण चुकीच्या मापाचा प्लग दोन्हीकडून दगा देतो. सैल असला तर डुगडुगतो, घासतो आणि पडतो. फार घट्ट असला तर कडे ताणून ढिले करतो, कधी आत लाल मांसल गाठही वाढते. मग पुढचा प्लग आणखी मोठा लागतो. म्हणून मापन हे रचनेचेच अंग आहे. रंध्र मोजण्याच्या मापकाच्या टोकाला रंध्राने किंचित विरोध केला पाहिजे, आणि प्लग घालण्याआधी रंध्र वाजवीपेक्षा जास्त रुंद करता कामा नये.

डोके टोचते तर डोकेच नको, असा दुसरा पंथ आहे. त्याचे प्लग पूर्णपणे नलिकेत बसतात. त्यातला एक अॅक्रिलिकचा: खोलीच्या तापमानाला ताठ बारीक काडी, शरीराच्या उबेत आखडून जाड आणि मऊ होणारा. कल्पना देखणी आहे आणि रुग्णाला काहीच जाणवत नाही. पण जाणवत नाही, तसे दिसतही नाही. प्लग जागेवर आहे की खाली सरकला, हे बाहेरून कळत नाही, आणि नलिकेत जंतुसंसर्ग झाला तर प्लग काढण्यासाठी शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. माझे मत सरळ आहे: दीर्घकाळ ठेवायचा प्लग चिमट्याने धरून काढता आला पाहिजे. थोडी टोचणी मान्य, पण परतीची वाट हवी. आपोआप विरघळणाऱ्या प्लगची गोष्ट वेगळी. कोलॅजेनचा प्लग काही दिवसांतच नाहीसा होतो, म्हणून चाचणीसाठी तो उत्तम. 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला डेक्सामेथासोनयुक्त प्लग नलिकेतच बसतो, सुमारे 30 दिवस औषध सोडतो आणि विरतो. त्यात चमकणारे रंगद्रव्य मिसळलेले असल्याने निळ्या प्रकाशात तो दिसतोही. आतल्या प्लगवरचा आक्षेप रचनाकारांनी ऐकला, याची ही खूण म्हणायची.

उत्साहाच्या भरात एक विसरू नये. डोळे कोरडे होण्याची सर्व कारणे प्लगने सुटत नाहीत. पापणीच्या तेलग्रंथी बिघडल्या असतील तर अश्रू वाहून जात नाहीत, उडून जातात. आणि दाह असताना वाट बंद केली तर दाहक द्रव्ये डोळ्यावरच साचतात. म्हणून आधी दाह शमवावा, मग प्लग घालावा. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात 18 चाचण्या तपासल्या गेल्या आणि प्लगच्या परिणामकारकतेविषयी ठाम निष्कर्ष काढता आला नाही. चाचण्यांत प्लगचे प्रकार वेगळे, रुग्ण वेगळे, मोजण्याच्या पद्धतीही वेगळ्या. दवाखान्यात अनेक रुग्णांना आराम पडताना दिसतो हे खरे. पण तेवढ्याला पुरावा म्हणता येत नाही. तो उभा करण्याचे काम या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांची वाट पाहत आहे.

प्रकरणे क्रमानेच वाचावीत असा आग्रह नाही. साहित्यविज्ञानाची पार्श्वभूमी असलेल्यांनी सिलिकॉन आणि हायड्रोजेलवरची पाने भराभर उलटली तरी चालेल. मात्र मापनाचे प्रकरण कोणीही गाळू नये, आणि पहिला आराखडा कागदावर काढण्याआधी एखाद्या नेत्रतज्ज्ञाच्या परवानगीने, रुग्णाची संमती घेऊन, प्लग बसवताना आणि काढताना एकदा तरी प्रत्यक्ष पाहावे.