सीजीपीआयचे टक्के काढताना ९.५ ने गुणू नका

पालघर, बोईसर-तारापूरची मुलं आमच्याकडे अर्ज घेऊन येतात, तेव्हा अनेकांनी सीजीपीआयला सरळ ९.५ ने गुणलेलं असतं. ते सूत्र सीबीएसई दहावीच्या जुन्या श्रेणी पद्धतीचं होतं. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत, सीबीसीजीएस पद्धतीत, ७ च्या खाली ७.१ ने आणि ७ पासून पुढे ७.४ ने गुणून त्यात १२ मिळवतात. म्हणजे ६.५ चे ५८.१५ टक्के होतात, ९.५ ने गुणलं तर ६१.७५ दिसतात. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीची अट ६० टक्क्यांची, घोळ नेमका इथेच होतो. छाननीत अर्ज बाद होण्यापेक्षा हे आधी कळलेलं बरं. टक्केवारीचं पत्र कॉलेजकडूनच घ्या. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं मूळ श्रेणीतलेच गुण मागतात. तिथे चारच्या मापात बसवायची गरज नाही.