ना घरचा, ना घाटाचा

धोब्याचा कुत्रा ना घरचा ना घाटाचा, ही म्हण आपण नेहमी माणसांविषयी वापरतो. दोन्हीकडून सुटलेल्या माणसाची फजिती तिच्यात नेमकी पकडली आहे. त्या म्हणीतल्या कुत्र्याचा विचार मात्र कुणी करीत नाही. आम्हीही तो कधी केला नव्हता. गेल्या वर्षी पुण्यातील एका प्राणी-आश्रयस्थानातून आम्ही उभयतांनी एक म्हातारी कुत्री घरी आणली, आणि म्हणीचा हा विसरलेला अर्धा भाग आमच्या दिवाणखान्याच्या दाराआड येऊन बसला.

तिचे वय दातांवरून नऊ-दहा वर्षे सांगण्यात आले. आधीचे घर होते की नव्हते, असल्यास ते का सुटले, याची नोंद नव्हती. तेथील माणसे तिला 'आजी' म्हणत. आम्ही दोघेही साहित्याचे शिक्षक असल्यामुळे 'सरमा' हे नाव मनाशी ठरवून गेलो होतो. पण त्या वैदिक नावाला तिने कान हलवून दादही दिली नाही. ती आजीच राहिली.

तिला आणले त्या जागेला आज सारे 'शेल्टर' म्हणतात. आपल्याकडचा जुना शब्द 'पांजरपोळ'. मराठी बोलण्यात तो आता थट्टेपुरताच उरला आहे. निकामी माणसांचा भरणा झालेल्या संस्थेला आपण पांजरपोळ म्हणतो. हा शब्द आणि ती संस्था मूळची गुजरातेतील, जैन-वैष्णव व्यापाऱ्यांच्या जीवदयेतून वाढलेली. मुंबईत मात्र पांजरपोळ उभी राहण्यामागे एक दंगा आहे, आणि तो दंगा कुत्र्यांसाठीच झाला होता.

१८१३ पासून मुंबईत मोकाट कुत्र्यांना वर्षातील ठराविक आठवड्यांत मारण्याचा नियम होता. १८३२ साली उन्हाळ्यातील मुदत वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेण्यात आली. शिपायांना दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. जेथे जीव घेण्याला दर ठरतो तेथे पाळीव आणि मोकाट हा भेद टिकणे कठीण. ६ जून १८३२ रोजी पारशी मंडळींनी कुत्रे मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यात सामील झाले, आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवण्यात आली. अखेर सैन्य बोलावून धरपकड करावी लागली.

पारशी समाजाच्या संतापाला धर्माचा आधार होता. वेंदीदादचा तेरावा भाग जवळजवळ सारा कुत्र्याविषयी आहे. कुत्र्याला निकृष्ट अन्न देणे हाही तेथे अपराध असून त्याच्या शिक्षा पायरीपायरीने सांगितल्या आहेत. अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी म्हणून 'सगदीद'चा विधी होतो. परंतु ही केवळ धर्मभावना होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. वाढत्या शहरात हुकूम कुणी द्यायचा आणि कुणाला विचारून द्यायचा, हा तंटाही त्यात होता. दुसऱ्या बाजूचे भयही खोटे नव्हते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर तेव्हा जगात इलाज नव्हता. पाश्चरची लस यायला १८८५ साल उजाडावे लागले. आठ आण्यांचा दर निर्दय होता, त्यामागची भीती मात्र खरी होती.

दंग्यानंतर शहरातील प्रतिष्ठितांनी सरकारकडे रदबदली केली. त्यांत जमशेटजी जीजीभाई अग्रभागी होते. पुढे १८३४ साली त्यांनी आणि शेठ मोतीशा यांनी मिळून मुंबईची पांजरपोळ स्थापन केली. एक पारशी, एक जैन. दोघेही मोठे व्यापारी. मोकाट कुत्र्याला मारू नका असे नुसते म्हणून भागत नाही, त्याला ठेवायचे कुठे याचे उत्तरही द्यावे लागते, हे त्यांनी ओळखले. पुणेकरांना हेच जमशेटजी बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे ठाऊक असायला हवेत. शहराला पाणी मिळावे म्हणून मुळा-मुठेवर १८५० साली पुरा झालेल्या त्या बंधाऱ्याच्या खर्चाचा मोठा वाटा त्यांनी उचलला होता. बंधारा आणि पांजरपोळ यांत आम्हाला एकच वृत्ती दिसते: दया ही भावना म्हणून न सोडता तिची व्यवस्था लावणे.

या व्यवस्थेचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. ती नसती तर आजी जिवंतच नसती. तरीही पांजरपोळ जीव वाचवते, घर देत नाही. तेथे प्राणी अनेक असतात आणि हात थोडे. दत्तक घ्यायला येणारी मंडळी पिल्ले पाहतात आणि म्हाताऱ्या जनावरांच्या पिंजऱ्यांपुढून पुढे जातात. आमचीही पावले आधी पिल्लांकडेच वळली होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

कुत्र्याविषयीच्या आपल्या आवडत्या कथा पाहिल्या की यामागचे कारण कळते. रायगडावरील वाघ्याची कथा घ्या. तिच्या ऐतिहासिक आधाराविषयी वाद आहे आणि २०२५ साली तो पुन्हा पेटला. पण लोकमनाने ती कथा धरून ठेवली ती स्वामीच्या चितेत उडी घेणाऱ्या इमानासाठी. जपानातील हाचिको १९२५ साली धनी वारल्यावरही १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत शिबुया स्थानकावर वाट पाहत राहिला. त्याचाही पुतळा झाला. या कथांत इमान ही कुत्र्याची जबाबदारी आहे, माणसाने फक्त त्याचे कौतुक करायचे. पिल्लू आणताना आपण नकळत अशाच इमानाची पेरणी करीत असतो. म्हातारा कुत्रा मात्र आपले इमान, असलेच तर, दुसऱ्या कुणाला देऊन आलेला असतो.

याच्या नेमकी उलट कथा आपल्याच परंपरेत आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झाली. शेकडो हस्तलिखिते ताडून, प्रक्षेप बाजूला काढून जो पाठ संपादकांनी स्वीकारला, त्यात कुत्र्याचे दोन प्रसंग ग्रंथाच्या दोन टोकांना उभे आहेत. आदिपर्वाच्या तिसऱ्या अध्यायात जनमेजयाच्या सत्राजवळ सरमेचे पोर येते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. त्याने हवीकडे पाहिले नव्हते, ते चाटले नव्हते. सरमा येऊन विचारते, माझ्या मुलाला का मारले? तिला कुणी उत्तर देत नाही, आणि ती शाप देते. महाप्रास्थानिक पर्वात हस्तिनापुराहून पांडवांच्या मागे एक कुत्रा निघतो. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत पडतात. युधिष्ठिरासोबत उरतो तो कुत्राच. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर रथात चढत नाही.

या संवादातील दोन गोष्टींकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. भावांना सोडलेस मग कुत्र्याला का नाही, असे इंद्र विचारतो. युधिष्ठिराचे उत्तर असे की, ते मेल्यावर मी पुढे निघालो, जिवंत असताना त्यांना सोडले नव्हते. हा कुत्रा जिवंत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे 'आनृशंस्य' हा शब्द. आपण त्याचे भाषांतर दया असे करतो, पण त्याचा साधा अर्थ क्रूर न होणे. दया वरून खाली उतरते. आनृशंस्य बरोबरीने चालते आणि सोबत्याला टाकायचे नाही एवढेच पाळते. पुढे तो कुत्रा धर्म ठरतो हे खरे, पण निर्णयाच्या क्षणी युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हते. त्याच्या लेखी तो निव्वळ कुत्रा होता.

आमच्या आजीच्या बाबतीत कोणतेही दैवी रूप प्रकट होण्याची शक्यता नव्हती. पहिले काही दिवस ती दाराआडून हलली नाही. कुणी पाहत असताना ती खात नसे. केरसुणी उचलली की अंग चोरून भिंतीला चिकटे. ही आठवण कुठल्या घरातली, हे कळायला मार्ग नव्हता. रात्री ती खोल्यांतून फेऱ्या घाली. आम्ही आधी तिला हाका मारल्या, जवळ घेऊ पाहिले, आणि ती अधिकच आत सरकली. मग शहाणपण आले. पशुवैद्यांनी सांधे, दात आणि रक्त तपासले तेव्हा कळले की, आम्ही जिला भीती समजत होतो तिच्यातली निम्मी दुखणी होती. गुळगुळीत फरशीवर तिचे मागचे पाय घसरत; सतरंज्या आणि गोणपाटे अंथरल्यावर ती घरभर चालू लागली. जेवण मऊ केले, वेळ आणि जागा ठरवून टाकली. पाहुणे काही दिवस थांबवले. केरसुणी ती बाहेर असतानाच हाती घेऊ लागलो. दिवाळीत खिडक्या लावून, पंखा मोठा करून, आळीपाळीने आतल्या खोलीत बसलो. कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण निराशेने उच्चारतो. म्हाताऱ्या कुत्र्याबरोबर राहताना तीच सुटकेची वाटते, कारण शेपूट सरळ करण्याची जबाबदारीच आपल्यावर उरत नाही. तिसऱ्या महिन्यात एका रात्री ती आपणहून आली आणि पलंगाशेजारी पडली. आम्ही दोघेही हललो नाही.

१८३२ चा प्रश्न आजही सुटलेला नाही. २००१ आणि २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण करून, लस टोचून कुत्रा मूळ जागी सोडण्याचा मार्ग आखला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील मोकाट कुत्र्यांना निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला, तो त्याच महिन्यात सौम्य केला, आणि नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारांतून कुत्रे हलवण्यास सांगितले. चावल्या गेलेल्या मुलाच्या आईबापांपुढे महाभारत वाचून दाखवण्यात अर्थ नाही, हे आम्ही जाणतो. शहराला व्यवस्था हवीच. पण निवारे जसजसे वाढतील तसतशी त्यांत म्हातारी होणारी जनावरेही वाढतील, आणि त्यांना कोण नेणार हा प्रश्न कोणत्याही आदेशाने सुटणारा नाही. तो एकेका घराच्या उंबऱ्यावरच सुटतो.

संध्याकाळी आम्ही आजीला घेऊन भांडारकर संस्थेवरून टेकडीकडे जातो. पूर्वी आम्ही रोज वर चढत असू. आजी पायथ्याशी येते, एकवार वर पाहते आणि खाली बसते. सांध्यांना पुढे जमत नाही. युधिष्ठिराच्या मागे तो कुत्रा पर्वत चढून गेला होता. आमच्या वाट्याला आलेला भाग याहून पुष्कळ सोपा आहे. ती उठली की आम्ही तिच्याबरोबर घराकडे वळतो.